मुरबाडचा बर्फ

गेल्या पौषात ताईकडे गेलो होतो. ताईचं घर मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या जवळच्या एका गावात. कल्याणहून एसटी पकडली तेव्हा अंगात नुसता शर्ट होता. मुरबाड स्टँडवर उतरलो आणि दातावर दात वाजायला लागले. ताईनं दारातच घोंगडी अंगावर टाकली आणि म्हणाली, "शहरातली माणसं तुम्ही, थंडी फक्त टीव्हीवर बघता."

दुसऱ्या दिवशी पहाटे कुणीतरी ती घोंगडी ओढली. भाची होती. पाचवीत आहे.

"मामा, ऊठ! दहा झाले!"

"दहा वाजले?" मी धडपडत उठलो.

"वाजले नाहीत रे, अंश! परवा तेरा होते, काल साडेअकरा, आज दहा. रोज दीड उतरतंय. म्हणजे आणखी सात दिवसांत शून्य. पुढच्या आठवड्यात बर्फ!"

पडवीत एक थर्मामीटर टांगला होता. त्याखाली चार पोरं कानटोप्या घालून उकिडवी बसलेली. हे होतं गावाचं 'बर्फमंडळ'. मंडळाची एक वही होती, तिच्यात रोजचा पारा लिहायचा. अंगणात तुळशीशेजारी एक काठी रोवलेली, तिच्यावर स्केचपेननं सेंटिमीटरच्या खुणा. बर्फ किती साठला ते मोजायला! कौलांवरचा बर्फ कशानं ओढायचा यावर वाद चालू होता. खराट्यानं की दाताळ्यानं? भाचीची आजी चुलीपाशी बसून म्हणत होती, "आधी अंगणातला पाचोळा ओढा, मग बर्फाचं बघू."

मला हसू आलं, पण खरं सांगू का, पोरांचा हिशेब गणित म्हणून अगदी बरोबर होता. चुकत होतं ते वेगळंच.

"समजा शून्य झालं," मी विचारलं, "तर बर्फ पडेल?"

"म्हणजे काय! शून्याला पाणी गोठतं."

"आणि पाणी कुठाय?"

पाचही माना वर गेल्या. आभाळ लख्ख, एक ढग नाही. शुक्राची चांदणी एवढी ठसठशीत की हात लावावासा वाटावा.

इथेच सगळी गोम आहे. बर्फ पडायला दोन गोष्टी लागतात, कडाक्याची थंडी आणि पाण्यानं भरलेला ढग. दोघांनी एकाच दिवशी, एकाच गावात यायला हवं. आपल्याकडे त्या दोघांचं जमत नाही. एक आला की दुसरा उठून जातो.

का ते घोंगडीवरून कळेल. घोंगडी स्वतः गरम नसते. दुकानात घडी करून ठेवलेल्या घोंगडीला हात लावून बघा. ती फक्त तुमच्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. जमिनीचंही तसंच आहे. दिवसभर ती उन्हात तापते आणि रात्री ती ऊब वर, आभाळाकडे सोडत राहते. वर ढग असले तर ते ऊब अडवतात आणि बरीचशी खाली परत धाडतात. ढग म्हणजे आभाळाची घोंगडी! ढग नसले की जमीन रात्रभर उघडी. हवा कोरडी असेल तर आणखीच उघडी. म्हणून आपली सगळ्यात थंड पहाट ही नेहमी निरभ्र पहाट असते. आणि ढग आले की पारा गुमान वर चढतो.

थोडक्यात, मुरबाडला थंडी पडते ती ढग नसतात म्हणूनच. मग बर्फ टाकणार कोण?

मंडळ जरा हिरमुसलं. एक पोरगा हट्टाला पेटला. "पण दुसरीकडे आणखी थंडी पडली असेल ना? तिथं तर पडला असेल!"

पडली आहे की. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ अंशांवर आला होता. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला १.७! नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला तर पारा दोन-चार अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या येतात. तिथले द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. पण आभाळातून भुरभुर बर्फ? तो यातल्या कुठेच पडला नाही.

"महाबळेश्वरला पडतो. मी फोटो बघितलाय," भाचीनं हुकमाचं पान टाकलं.

तो फोटो मीही बघितलाय. वेण्णा तलावाच्या काठी गवत पांढरं झालेलं, गाडीच्या टपावर पांढरी साय. पण ती वरून पडलेली नसते, तिथल्या तिथे तयार होते. रात्री गवतावर दव धरतं आणि गवत शून्याच्या खाली गेलं की दव गोठतं. गंमत म्हणजे त्याच पहाटे वेधशाळेचा आकडा पाच-सहा अंश असू शकतो. कुणीही खोटं बोलत नसतं. वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. त्या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. ती ज्या थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या इंजिनिअरनं तयार केली, त्याचा मुलगा म्हणजे 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा लेखक. बाप हवामान मोजत होता आणि पोरगा चाच्यांच्या गोष्टी रचत होता! असो. तर पेटीतली हवा पाच अंशांवर असली तरी खाली उघड्यावरचं गवत आभाळाकडे ऊब फेकून शून्याला टेकलेलं असतं.

एवढ्यात आजीनं चूल पेटवली. मी पोरांना म्हटलं, धुराकडे बघा. कौलांतून निघालेला धूर थोडा वर गेला आणि थबकला. मग आडवा पसरला, शेजारच्या घरावरून, वालाच्या शेतावरून, पार ओढ्यापर्यंत. कुणीतरी चादर ताणून धरल्यासारखा. थंड हवा जड असते. रात्री ती डोंगरउतारावरून घरंगळत खाली येते आणि खोलगट भागात पाण्यासारखी साठते. मुरबाडच्या मागे सिद्धगड, गोरखगड, माळशेजची अख्खी भिंत उभी. म्हणजे आपण थंडीच्या परातीत बसलोय. धूर वर जाऊ शकत नाही, कारण वरची हवा खालच्यापेक्षा ऊबदार. एरवी एक किलोमीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश कमी व्हायला हवेत. पहाटे मात्र डोंगर उबेला आणि गाव गारठ्यात असं उलटं होतं. बदलापूर-कल्याणकडे हौशी हवामानवेडे स्वतःची यंत्रं लावून रोजचा पारा मोजतात. त्यांच्या नोंदींत समुद्राला खेटलेल्या मुंबईपेक्षा हा आतला पट्टा कितीतरी अंशांनी थंड दिसतो.

"म्हणजे आपण जिंकलो?" भाचीनं विचारलं. थंडीत जिंकलो, बर्फात नाही.

मग मी त्यांना एक जुनी भानगड सांगितली. १७७५ साली रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रजानं अलाहाबादला लोक बर्फ कसा करतात ते लिहून ठेवलं. फ्रीज नव्हता, वीज नव्हती. मोकळ्या मैदानात खड्डे खणायचे, त्यांत उसाची नाहीतर मक्याची वाळकी ताटं फूटभर अंथरायची. त्यावर मातीची उथळ भांडी ठेवायची आणि संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. पहाटे भांड्यांत बर्फाचे पापुद्रे! भोवतालची हवा गोठण्याइतकी थंड नसतानाही. युक्ती कळली का? खालच्या ताटांमुळे जमिनीची ऊब भांड्यापर्यंत येत नाही, वर आभाळ उघडं, आणि सच्छिद्र मातीतून पाणी झिरपून उडतं, ते जाता जाता आणखी ऊब घेऊन जातं. उन्हाळ्यातल्या माठासारखं.

झालं! संध्याकाळपर्यंत बर्फमंडळानं गोठ्यातला पेंढा पळवला होता. अंगणात मधोमध ढीग, त्यावर कुंभाराकडचे तीन परळ, त्यांत पाणी. एक जादा थर्मामीटर मी पेंढ्यावरच ठेवला. रात्री दोनदा पोरं उठून बघून आली. एकदा मीही उठलो, पण हे तुम्ही ताईला सांगू नका.

पहाटे पडवीत साडेनऊ अंश आणि पेंढ्यावर पाच! चार हातांच्या अंतरावर साडेचार अंशांचा फरक. परळातलं पाणी बोटाला झोंबत होतं. पण बर्फ नाही. पेंढा दवानं चिंब. शेजारच्या शेतात आजीनं रात्री हरभऱ्यावर धडकं पसरून ठेवलं होतं, ते ओलंगच्च झालेलं. तिनं पिळून वाटीत आंब काढली आणि प्रत्येकाच्या जिभेवर थेंब थेंब ठेवला. पाच चेहरे एकदम वाकडे. हरभऱ्याच्या पानांवरचं आंबट दव ते! बर्फाची भरपाई म्हणा.

वहीत नोंद झाली : 'बर्फ नाही. दव भरपूर. आंब आंबट.'

"गारा चालतील?" एकानं हळूच विचारलं. गारा बर्फाच्याच, पण त्यांची गोष्ट उलटी. त्या उन्हाच्या तडाख्यातून जन्मतात. तापलेली हवा जोरानं वर उसळते, पाण्याच्या थेंबांना उंच गारठ्यात नेते. गोठलेली गोळी ढगात हिंदकळत राहते, तिच्यावर नवनवे थर चढतात. मोठी गार कापली तर आत कांद्यासारखी वलयं दिसतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि आसपास गारांचा असा खच पडला की शेतं पांढरी झाली. लोक काश्मीर काश्मीर म्हणाले, पण शेतकऱ्यांचा गहू-हरभरा झोपला. मंडळानं गारा नामंजूर केल्या.

खरा हिमाचा कण असतो सहा टोकांचा. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये विल्सन बेंटली नावाचा शेतकऱ्याचा पोरगा होता. त्यानं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ ला एका हिमकणाचा पहिला फोटो काढला, आणि मग जन्मभर काढतच राहिला. पाच हजारांहून जास्त! जवळजवळ सगळे सहा बाजूंचे. पाण्याचे रेणू गोठताना एकमेकांचे हात धरतात ते षटकोनातच, म्हणून. पुढे जपानच्या उकिचिरो नाकाया यांना प्रयोगशाळेत हिमकण वाढवायचा होता. कण टांगायचा कशावर? सुताचा, लोकरीचा, नाना धाग्यांचा प्रयत्न फसला. शेवटी १९३६ मध्ये सशाच्या एका केसावर पहिला घरगुती हिमकण फुलला! त्या सशाचा फोटो बघायला मिळाला असता तर!

"म्हणजे सहा टोकांचं आपल्याकडे कधीच नाही," भाची म्हणाली आणि अंगणातली काठी उपटायला निघाली. मी म्हटलं, राहू दे दोन दिवस.

दोन दिवसांनी पौष पौर्णिमा. म्हशाची जत्रा! खांबलिंगेश्वराच्या देवळाभोवती माणसांचा महापूर, बैलांच्या गळ्यांतल्या घुंगरांचा आवाज, पाळणे, भजी, आणि घोंगड्यांच्या थप्प्याच थप्प्या. मीही एक घेतली. लोकर हाताला खरखरीत आणि वास असा की मेंढ्या शेजारीच उभ्या. ती भाचीच्या खांद्यावर टाकली. पाच मिनिटांत तिनं काढून माझ्या हातात दिली.

"नको रे मामा, उकडतंय. आज थंडी कुठं गेली?"

मी काही बोललो नाही. तिचं तिलाच आठवलं. तिनं मान वर केली. आभाळावर साईसारखा पातळ ढग आला होता, इतका पातळ की त्यातून पूर्ण चंद्र दिसत होता. आणि चंद्राभोवती, बरंच अंतर सोडून, एक भलंमोठं पांढुरकं कडं.

"खळं!" एक म्हातारे बैलवाले शेजारून म्हणाले. "चांद खळ्यात बसलाय."

चंद्राला अगदी चिकटून लहानसं रंगीत तेजोवलय दिसतं, ते पाण्याच्या बारीक थेंबांचं. पण हे लांबचं, मोठं खळं पाण्याचं नव्हेच. हा ढग असतो सात-आठ किलोमीटर उंच, जवळजवळ पाच कळसूबाई एकावर एक रचल्यासारखा. तिथे कडाक्याची थंडी असते आणि ढग असतो बर्फाच्या कणांचा. सहा बाजूंच्या, लोलकासारख्या. चंद्राचा प्रकाश त्या सहा बाजूंतून वळून येतो तो साधारण २२ अंशांच्या कोनात, म्हणून कडं नेहमी तेवढंच मोठं. कधी कधी उंच ढगांना पिसाच्या शेपट्या लोंबताना दिसतात. त्या म्हणजे खाली पडणारा बर्फच. फक्त तो वाटेतल्या कोरड्या हवेत विरून जातो. आपल्या पावसाळ्यातल्या गडगडाटी सरींचे कितीतरी थेंबही वर हिमकण म्हणूनच जन्मतात आणि कोसळता कोसळता वितळतात.

"म्हणजे मुरबाडवर बर्फ पडतो!" भाची ओरडली. दोन बैलांनी वळून बघितलं. "फक्त पोचत नाही!"

मी तिला हात पूर्ण लांब करायला सांगितला. अंगठा चंद्रावर, बोटं ताणून वीत करायची. करंगळी बरोबर कड्यावर टेकली. मग बाकीच्या चौघांनीही हात वर केले. त्या गर्दीत पाच पोरं आभाळाला वीत लावून उभी, आणि येणारे-जाणारे थांबून वर काय आहे ते बघायला लागले.

रात्री घरी आल्यावर वही उघडली गेली. पारा पंधरा. ढग पातळ. पुढच्या रकान्यात तिनं पेन्सिलीला थुंकी लावून नीट अक्षरात लिहिलं :

'बर्फ – एक वीत.'