आठां वर्षांनीं फुलणारी कारवी

सह्याद्रीच्या अंगावर वाढणाऱ्या वनस्पतींत कारवीइतकें परिचित, आणि तरीही कारवीइतकें अपरिचित, झुडूप क्वचितच सांपडेल. कोंकणांतून अगर घाटावरून येऊन वरळीच्या बी. डी. डी. चाळींत राहिलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थास कारवीविषयीं विचारावें. तो तत्काळ गांवाकडील कुडाच्या भिंतीची गोष्ट काढील. कारवीचे सरळ दांडे एकमेकांस लागून उभे बांधावे, त्यांवर शेणमातीचा गिलावा द्यावा, कीं भिंत तयार! वारली लोकांचीं पांढऱ्या रंगाचीं चित्रें मूळचीं अशाच भिंतींवरचीं. परंतु "कारवीचें फूल पाहिलें आहे काय?" असें विचारतांच पुष्कळांस क्षणभर थांबावें लागतें. यांत त्यांचा दोष नाहीं. हें झुडूप जन्मांत एकदांच फुलतें, आणि तेंही सात-आठ वर्षें वाट पाहावयास लावून.

कारवी ही अडुळसा, कोरांटी व अबोली यांच्याच कुलांतली होय. नेस नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८३२ सालीं तिला स्ट्रोबिलँथिस कॅलोसा असें नांव दिलें. पुढें १९४४ सालीं ब्रेमेकाम्प या डच शास्त्रज्ञानें तिचा एक स्वतंत्र गट कल्पून त्यास कार्व्हिया म्हटलें. म्हणजे आमच्या डोंगरी माणसांचा शब्दच लॅटिन पोषाख चढवून ग्रंथांत जाऊन बसला. हल्लीं शास्त्रज्ञ बहुधा पुन्हां पहिलेंच नांव वापरतात. मला स्वतःला दुसरें अधिक आवडतें!

कारवीचें रोप पावसाळ्यांत रुजतें. दरवर्षीं पावसांत तें हिरवेंगार होतें, आणि पुढें पानें टाकून नुसत्या करड्या काठ्या उभ्या राहतात. नवख्या प्रवाशास वाटतें कीं सारें रान मेलें. परंतु पुढच्या मृगांत त्याच काठ्या पुन्हां पालवतात. असें करीत करीत झुडूप माणसाच्या डोक्यावर जातें. कोठें कोठें तर तें पंधरा-वीस फूट उंच होतें. मग सातव्या किंवा आठव्या वर्षीं, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, त्या टेकडीवरचीं झाडून सारीं झुडपें एकदम कळ्या धरतात, आणि हिरवा डोंगर निळा-जांभळा होतो. मधमाशांची त्या वेळीं मोठीच चंगळ असते. कारवीचा मध दाट व गडद रंगाचा असतो आणि त्याचे षोकी त्याकरितां वर्षें मोजीत बसतात.

फुलें झडलीं कीं झुडपाचें आयुष्य संपत येतें. तें वाळूं लागतें. बोंडें मात्र उन्हाळाभर तशींच दांड्यांवर राहतात. पुढच्या पावसाचा ओलावा लागला कीं तीं तडकून उघडतात, आंतील आंकड्यासारखे ताठ देंठ बियांस दूर फेंकतात, आणि रानांत तडतड असा आवाज ऐकूं येतो. मेलेल्या आईच्या बुडाशीं नवी पिढी रुजते ती सारी एका वयाची. म्हणून पुढें ती फुलतेही एकदम.

आतां, दरवर्षीं थोडें थोडें फुलण्याऐवजीं हा उपद्व्याप कशाकरितां? शास्त्रज्ञांचें मत असें आहे कीं उंदीर, पांखरें व किडे यांपासून बीं वांचविण्याची ही युक्ति आहे. दरसाल मूठभर बीं पडलें तर तें सारेंच फस्त होईल. सात वर्षें कांहींच मिळालें नाहीं तर त्या बियांच्या आशेवर खाणाऱ्यांची संख्या वाढत नाहीं. आणि आठव्या वर्षीं इतकें बीं एकदम पडतें कीं सर्वांनीं पोटभर खाऊनही पुष्कळ उरतें. बांबूच्या कित्येक जाति हेंच करतात. निलगिरीवरील नीलकुरिंजी ही कारवीचीच बहीण बारा वर्षांनीं फुलते. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर गुडघाभर उंचीची टोपली कारवी आहे. तिचीं गोल झुडपें पालथ्या टोपल्यांसारखीं दिसतात, व तीही बरींच वर्षें थांबून फुलते.

परंतु या युक्तींत धोकाही तेवढाच मोठा आहे. फुलल्यापासून बीं उडेपर्यंत आठ-नऊ महिने जावे लागतात, आणि त्यांत सारा उन्हाळा येतो. त्या उन्हाळ्यांत वणवा लागला, अथवा बोंडांसकट दांडे तोडून नेले, तर त्या उतारावर पुढच्या पिढीस बीं देण्यास दुसरें झुडूप नाहीं. आंबा एका वर्षीं गळला तर पुढच्या वर्षीं येतो. कारवीस पुढचें वर्ष नाहीं. डोंगरउतारावरील माती पावसांत धरून ठेवण्याचें काम कारवीचें दाट रान करीत असतें. तें उजाड झालें कीं मातीही खालीं येते. फुलें पाहावयास गेलेल्या मंडळीनें तुरे ओरबाडून आणणें मला याचकरितां अगदीं नापसंत आहे. तीं घरीं येईपर्यंत कोमेजतात, आणि तिकडे डोंगरावरील तितकें बीं कमी होतें.

मुंबईकरांस कारवी पाहावयास लांब जावें लागत नाहीं. लोअर परळला गाडींत बसलें कीं तासाभरांत बोरिवली येते, व तेथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत, सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या त्या जंगलांत, कान्हेरीच्या बाजूस कारवीचें रान आहे. तेथें ती २००८, २०१६ व २०२४ या सालीं फुलली. हाच आठ वर्षांचा हिशोब मागें नेला तर १९२८ साल येतें. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट १९२० सालीं स्थापन झालें आणि त्याच दशकांत त्यानें आपल्या चाळी बांधल्या. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या उंच इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. म्हणजे एका चाळीच्या आयुष्यांत कारवीच्या बारा-तेरा पिढ्या होऊन गेल्या!

पुढचा बहर २०३२ च्या सुमारास अपेक्षित आहे. ज्यांनीं २०२४ चा बहर दवडला त्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस शाळेंत असतांना तो तेथें पाहावयास मिळणार नाहीं. तथापि सर्व डोंगरांवरील कारवी एकाच सालीं फुलत नाहीं. बोरिवलीची कारवी वाढत असते तेव्हां सह्याद्रीच्या दुसऱ्या एखाद्या कड्यावर ती फुललेली असूं शकते. म्हणून गणपतीच्या सुमारास गांवीं जाणाऱ्यांनीं तेथील वडील माणसांस विचारून ठेवावें, त्यांस साल ठाऊक असतें. आणि बोरिवलीस जाणाऱ्यांनीं पावसाळ्यांत कान्हेरीच्या वाटेनें चालतांना जुन्या वाळक्या दांड्यांमध्यें खालीं पाहावें. २०२४ च्या फुलांचें बीं तेथें रुजलें आहे. त्याचीं दातेरी कडांचीं, खरखरीत पानें बोटांस लागतांच ओळखूं येतात.