शेतावरील राउटर व कॅमेऱ्यास सौर वीज : काटकसरीचा हिशेब

वर्धा जिल्ह्यांतील कारंजा, आष्टी व आर्वी या तालुक्यांचा चढउताराचा मुलूख ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस तेथील शेतकऱ्याची रात्र कशी जाते हें सांगावयास नको. संत्र्यांचा बगीचा गांवापासून कोस-दीड कोस दूर. विजेचे खांब नाल्याच्या अलीकडेच संपलेले. आणि सोयाबीनला शेंगा धरल्या, तूर फुलोऱ्यास आली किंवा हरभऱ्याचे घाटे भरले कीं रानडुकरें व रोही यांचे कळप अंधार पडतांच शेतांत उतरावयाचे. त्यामुळें मचाणावर बसून जागल करणें हें आमच्याकडे पेरणी-निंदणीसारखेंच शेतीचें एक काम होऊन बसलें आहे.

हल्लीं या जागलीस नव्या साधनांची जोड मिळाली आहे. शेताच्या कोपऱ्यांत खांबावर कॅमेरा, त्याच्याजवळ सिमकार्ड घातलेला राउटर आणि घरीं हातांतील मोबाइल, एवढ्या सामग्रीवर दूरच्या शेताची खबर घरबसल्या मिळते. कोणी जमिनींतील ओल मोजणारें यंत्र बसवितात, कोणी लहानसें हवामान-यंत्र. परंतु जेथें वीज नाहीं तेथें हीं सर्व साधनें सूर्याच्या भरंवशावर चालावयाचीं. आणि पुष्कळांचा अनुभव असा कीं, उन्हाळ्यांत तीं बिनतक्रार चालतात व ऐन श्रावणांत, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळीं, डोळे मिटतात. दोष सूर्याचा नाहीं. बहुधा पॅनेलचाहि नाहीं. दोष विजेच्या उधळपट्टीचा आहे व तो थोडक्या खर्चांत दूर करतां येतो, हें दाखविणें हाच या लेखाचा हेतु होय.

एक फसलेली मांडणी

प्रस्तुत लेखकानें आपल्या शेतावर प्रथम जी मांडणी केली ती अशी : २०० वॅटचें एक पॅनेल, १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची शिसें-आम्लाची बॅटरी, तिच्यावर एक लहान इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरला राउटर व कॅमेरा यांचे पेटींतून आलेले अ‍ॅडॅप्टर. दिवाळीपासून मृगापर्यंत सारें सुरळीत चाललें. पुढें श्रावणांत झड लागली. पहिली रात्र निभावली. दुसऱ्या रात्रीं मोबाइलवरील चित्र एकाएकी नाहींसें झालें. पावसामुळें संदेश येत नसेल असें समजून मी निजून राहिलों. सकाळीं जाऊन पाहतों तों धुऱ्याकडील अर्धा एकर सोयाबीन डुकरांनीं लोळविलेलें.

विक्रेत्यानें सल्ला दिला कीं, आणखी एक पॅनेल व मोठा इन्व्हर्टर घ्यावा. पैसे खर्च करण्यापूर्वी मीं एका मित्राजवळचा वॅटमापक आणून बॅटरीच्या तारेंत जोडला. राउटर व कॅमेरा हे दोन्ही काढून ठेवले आणि नुसता इन्व्हर्टर चालू ठेवला, तरी बॅटरींतून १२ वॅट वाहतच होते! आणि ज्यांच्यासाठीं हा खटाटोप, त्या दोन यंत्रांस मिळून खऱ्या कामास लागत होते अवघे १० वॅट. पंगतींत पाहुण्यांहून वाढप्यानेंच अधिक जेवावें, त्यांतला हा प्रकार.

असें कां होतें तेंहि पाहावें. बॅटरींत असतो तो एकाच दिशेनें वाहणारा डीसी प्रवाह, १२ व्होल्टचा. इन्व्हर्टर त्याचा २३० व्होल्टचा एसी प्रवाह करतो; आणि अ‍ॅडॅप्टर त्याचाच पुन्हा १२ व्होल्टचा डीसी करून राउटरला देतो. अंगणांतल्या हौदांत पाणी हवें म्हणून तें आधीं माडीवर चढवून मग खालीं सोडण्याजोगेंच हें आहे. मोठा पंप किंवा गिरणी चालवावयाची असेल तर इन्व्हर्टरचा स्वतःचा खप त्या मानानें नगण्य ठरतो; पण १० वॅटच्या कामास, तेंहि चोवीस तास, तो भारी पडतो.

जमाखर्च

विजेचा हिशेब वॅटला तासांनीं गुणून मांडतात. माझ्या शेतावरील मांडणीचा खर्च असा होता :

इन्व्हर्टरच्या मार्गानें : राउटर ५ वॅट, कॅमेरा सरासरी ५ वॅट, अ‍ॅडॅप्टरांतील नाश अडीच वॅट, इन्व्हर्टरचा खप १२ वॅट, एकूण साडेचोवीस वॅट. चोवीस तासांस सुमारें ५९० वॅट-तास.

सरळ मार्गानें : राउटर ५ वॅट, कॅमेरा ५ वॅट, दाब स्थिर राखणाऱ्या लहान कन्व्हर्टरमधील नाश १ वॅट, एकूण ११ वॅट. चोवीस तासांस सुमारें २६४ वॅट-तास.

आतां जमेची बाजू. आपल्या भागांत वर्षाच्या सरासरीनें दिवसाला सुमारें पांच तास भर उन्हाइतका प्रकाश धरण्यास हरकत नाहीं. २०० वॅटच्या पॅनेलचे त्या हिशेबानें १,००० वॅट-तास होतात. परंतु धूळ, उष्णता व बॅटरी भरतांना होणारा नाश वजा जातां ७०० हातीं लागतात असें समजावें. झडीच्या दिवशीं याचा पांचवा हिस्सा, म्हणजे १४०, मिळाला तरी पुष्कळ. बॅटरींत नांवाला १,२०० वॅट-तास असतात. पण शिसें-आम्लाच्या बॅटरीचें आयुष्य राखावयाचें तर निम्मेच, म्हणजे ६००, काढावे.

स्वच्छ दिवशीं ५९० च्या खर्चास ७०० ची जमा पुरते, म्हणून दोष आठ महिने लपून राहतो. झडींत मात्र इन्व्हर्टरच्या मार्गानें रोज ४५० ची तूट येते व ६०० चा सांठा दीड दिवसहि टिकत नाहीं. विक्रेत्याच्या सांगण्याप्रमाणें दुसरें २०० वॅटचें पॅनेल जोडलें असतें तर तूट ३१० वर आली असती. तरी दोन दिवस पुरे झाले नसते. उलट पॅनेल आहे तेंच ठेवून केवळ इन्व्हर्टर काढला, तर तूट १२४ राहते आणि तोच सांठा जवळजवळ पांच दिवस पुरतो. नवें पॅनेल आणून जें साधलें नसतें, तें एक यंत्र काढून टाकल्यानें साधलें.

सरळ पुरवठा कसा करावा

अ‍ॅडॅप्टरवर त्यांतून बाहेर पडणारा दाब लिहिलेला असतो. तो प्रथम वाचावा. बहुतेक राउटर व कॅमेरे १२ व्होल्ट डीसीवर चालतात, कांहीं ५ किंवा ९ व्होल्टवर. बॅटरीची तार मात्र सरळ यंत्रांस जोडूं नये. कारण १२ व्होल्टची म्हणविणारी बॅटरी भरतांना साडेचौदा व्होल्टपर्यंत चढते व रिकामी होतांना अकराच्या जवळ येते. मध्यें दाब चढो वा उतरो, एकसारखे १२ व्होल्ट देणारा डीसी कन्व्हर्टर बसवावा. तारेचे दोन ध्रुव उलटे लागूं नयेत म्हणून तपासून घ्यावें, आणि बॅटरीच्या धन टोकाशीं फ्यूज अवश्य घालावा.

ही युक्ति नवी नव्हे. टेलिफोनच्या कचेऱ्या पूर्वींपासून ४८ व्होल्टच्या डीसी बॅटऱ्यांवर चालत आल्या, आणि मोबाइलच्या मनोऱ्यांतील यंत्रेंहि त्याच दाबाच्या डीसीवर चालतात. खेड्यांतील निम्म्या मनोऱ्यांस सौर, वारा यांसारख्या विजेची जोड २०१५ पर्यंत द्यावी, असें दूरसंचार विभागानें २०१२ सालीं कंपन्यांस फर्माविलें, तेव्हां डीसीची ही जुनी रीत सौर बॅटरीस आयतीच जुळली.

कॅमेरा बॅटरीपासून दूर असेल तर तारेकडे लक्ष द्यावें. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेनें ३० मीटरवर १२ वॅट न्यावयाचे म्हटल्यास १२ व्होल्टांपैकीं एक व्होल्टाहून अधिक वाटेंतच जिरतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हा नाश निम्म्याहूनहि कमी होतो. अंतर याहून जास्त असल्यास नेटवर्कच्याच केबलींतून ४८ व्होल्ट देण्याची जी सोय अनेक कॅमेऱ्यांत असते, ती वापरावी. दाब चौपट झाला कीं प्रवाह चौथाईवर येतो व तारेंतील नाश सोळाव्या हिश्श्यावर. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते.

गरजच कमी करावी

सर्वांत स्वस्त वीज ती, जी लागलीच नाहीं. दिवसां शेतांत माणसें असतां कॅमेरा चालू ठेवण्याचें प्रयोजन काय? पुष्कळ चार्ज कंट्रोलरांत पॅनेलवरील उजेड गेला कीं जोडलेलें यंत्र सुरू व उजाडलें कीं बंद करण्याची सोय असते. कॅमेरा रात्रीचे १४ तासच चालविला तर रोजचे ५० वॅट-तास वांचतात. राउटरला संदेश क्षीण मिळत असेल तर त्यास अधिक जोर लावावा लागतो. म्हणून त्याचा अँटेना उंच खांबावर, झाडांच्या वर न्यावा.

जेथें चित्राची गरज नाहीं, केवळ ओल, तापमान किंवा विहिरीची पातळी कळवावयाची आहे, तेथें राउटरहि नको. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त लहरींवर चालणारीं लोरा जातीचीं यंत्रें दिवसांतून थोड्या वेळां चार अक्षरें पाठवून उरलेला वेळ निजतात. त्यांस लहानसा सेल दीर्घकाळ पुरतो, आणि उघड्या रानांत संदेश कांहीं किलोमीटर जातो. कमी वारंवारितेच्या लहरी झाडोऱ्यांतून अधिक दूर जातात, हें तत्त्व मुंबईच्या आय. आय. टी.नें पालघरकडील खामलोली वगैरे गांवांत दूरदर्शनच्या रिकाम्या लहरींवर इंटरनेट पोहोंचविण्याच्या प्रयोगांत उपयोगांत आणलें होतें.

पॅनेल, बॅटरी व सावधगिरी

पॅनेलचा आकार वैशाखावरून ठरवूं नये, श्रावणावरून ठरवावा. आपला जिल्हा सुमारें २१ अक्षांशाजवळ असल्यानें पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तितक्याच अंशांनीं कललेलें ठेवावें. एका फांदीची सावलीहि उत्पन्न फार घटविते. मळणीच्या दिवसांत भुसा व धूळ बसते. ती सकाळीं, पॅनेल थंड असतां, धुवावी. साधा चार्ज कंट्रोलर असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीस छत्तीस घरांचें पॅनेल घ्यावें. घरावर बसवितात त्या मोठ्या पॅनेलची निम्मी वीज अशा कंट्रोलरवर वायां जाते. त्यांस एमपीपीटी जातीचा कंट्रोलरच हवा.

वर्ध्याचा उन्हाळा बॅटरीचा मोठा शत्रु. शिसें-आम्लाच्या बॅटरीचें आयुष्य दर दहा अंश वाढीव उष्णतेस सुमारें निम्म्यानें घटतें. म्हणून ती पत्र्याच्या पेटींत उन्हांत न ठेवतां झोपडींत, सावलींत, जमिनीपासून उंच व हवेशीर ठेवावी. लोह-फॉस्फेटाच्या लिथियम बॅटरीची किंमत अधिक, पण तिच्यांतील सांठ्याचा आठ आणे नव्हे तर बारा-तेरा आणे भाग निर्धास्त वापरतां येतो. कोणतीहि बॅटरी असो, ठराविक पातळीखालीं ती उतरतांच पुरवठा तोडणारी सोय कंट्रोलरांत चालू ठेवावी. एक रात्र अंधारांत गेलेली पत्करते, बॅटरी गमावलेली पत्करत नाहीं.

२०१९ सालच्या कुसुम योजनेंतून व २०२४ सालीं सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेंतून अनेक शेतांवर सौरपंप आले आहेत. त्यांच्या पॅनेलमधून कॅमेऱ्यापुरती वीज काढावी असा मोह होतो. तो सर्वथा आवरावा. त्या रांगेचा दाब शेकडो व्होल्ट असून तो प्राणघातक आहे. शिवाय अशा फेरफारानें दुरुस्तीच्या हमीस बाध येतो. कॅमेऱ्याचें लहान पॅनेल वेगळेंच असावें. खांबास चांगलें अर्थिंग द्यावें, आणि तारा नळींतून न्याव्या. नाहीं तर विजेच्या कडकडाटांतून वांचलेलें यंत्र उंदरांच्या दांतांनीं जावयाचें.

समारोप

वर्ध्याच्या मगनवाडींत १९३४ सालापासून ग्रामोद्योग संघाचें जें कार्य चाललें, त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे कोळसा व तेल यांसारखे वापरानें संपणारे सांठे आणि निसर्गाचा अखंड वाहणारा ओघ यांत भेद करीत. सूर्य हा खरोखर अखंड ओघ होय. परंतु मध्यरात्रीं, झडींत, आपल्या पदरीं असतो तो बॅटरींतला सांठाच. आणि सांठ्यास कणगींतल्या धान्याचाच नियम लागू पडतो. कणगी मोठी करण्याआधीं तिचीं भोंकें बुजवावींत.

मागील पावसाळ्यांत झड चार दिवस राहिली. पॅनेल तेंच होतें, बॅटरी तीच होती. इन्व्हर्टर मात्र घरीं फळीवर पडून होता. तिसऱ्या रात्रीं दोनच्या सुमारास मोबाइल वाजला, धुऱ्यावर कळप दिसला, आणि घरांतून दोघेजण कंदील व डबे घेऊन वेळेवर पोहोंचले. सोयाबीन वांचलें. वाचकांनीं नवें कांहीं विकत घेण्यापूर्वी आपल्या बॅटरीच्या तारेंत एकदां वॅटमापक लावून पाहावा, एवढीच विनंति आहे.