डावा डोळा मागे कसा गेला?

मित्रांनो, आधी एक गंमत करा. मित्राला समोर उभं करा आणि म्हणा, "डावा हात वर कर." तो हात तुम्हाला कुठल्या बाजूला दिसला? तुमच्या उजव्या! वर्गात अशा घोळाचं हसू होतं. ऑपरेशनच्या खोलीत मात्र त्याची धास्तीच असते.

सी. टी. स्कॅन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. रुग्णाच्या डोक्याचा असा पहिला स्कॅन १९७१ साली लंडनमध्ये झाला. हे यंत्र शरीराचे पावाच्या स्लाइससारखे पातळ काप दाखवतं. (चित्रात बरं का, घाबरू नका!) डोक्याच्या काही ऑपरेशनांआधी या चित्रांवर माउसने खुणा करतात : हा डोळ्याचा कोपरा, हे नाकाचं टोक. मग रुग्णाच्या चेहऱ्यावर त्याच जागी एक खास सळई टेकवतात आणि कॉम्प्युटर चित्र व रुग्ण यांची जुळणी करतो. त्यासाठी निदान तीन खुणा लागतात, आणि त्या एका सरळ रेषेत असून चालत नाही.

प्रोग्रॅममध्ये ही खूण म्हणजे काय? एक नाव आणि तीन आकडे, बस्स! आलेखाच्या कागदावर दोन आकडे पुरतात. शरीराला खोलीही आहे, म्हणून तिसरा. हे आकडे मिलिमीटरमध्ये ठेवलेले बरे. 'दहावा काप' म्हटलं तर काय कळणार? एका स्कॅनमध्ये काप १ मि.मी. अंतरावर असतात, दुसऱ्यात ५!

समजा, डोक्याच्या मधोमध शून्य धरलं. डावा डोळा तिथून ३५ मि.मी. डावीकडे, ८० पुढे, १० खाली आहे. आता लिहायचं कसं? इथे दोन पंथ आहेत. स्कॅन साठवण्याची जगभर चालणारी पद्धत म्हणजे 'डायकॉम'. ती म्हणते, रुग्णाच्या डावीकडे अधिक, पाठीकडे अधिक, डोक्याकडे अधिक. म्हणून आकडे झाले ३५, −८०, −१०. पण १९९८ साली बॉस्टनमध्ये सुरू झालेला, फुकट मिळणारा 'थ्रीडी स्लायसर' हा प्रोग्रॅम आतल्या आत उजवीकडे अधिक आणि पुढे अधिक धरतो. त्याला हेच आकडे तसेच दिले तर? डावा डोळा उजवीकडे, तोही डोक्याच्या मागच्या बाजूला!

डोळा मागे गेला तर कुणीही ओरडेल. पण मेंदूतली लहानशी गाठ मध्याजवळच असली, तर बाजू बदललेली चटकन लक्षात येईलच असं नाही. कॉम्प्युटर बिचारा कुरकुरत नाही. आकडे मिळाले, की तो खूश.

उपाय तसा सोपा आहे. एका पंथातून दुसऱ्यात जाताना पहिल्या दोन आकड्यांची चिन्हं उलटायची, तिसऱ्याला हात लावायचा नाही. पण मुळात आकडे कुठल्या पंथाचे, हे कळायला हवं ना? म्हणून स्लायसरच्या नव्या फाइलींमध्ये खुणांबरोबर तेही लिहिलेलं असतं.

आता पट्टी घ्या. नाकाच्या टोकाला शून्य धरून तुमच्या डाव्या कानाचे तीन आकडे काढा. ते मित्राला द्या, पंथ मात्र सांगू नका. बघू, तो कान कुठे शोधतो!