चाकांवरचं घर: धावतं बरं, उभं महाग

युरोपात सुट्ट्या लागल्या की महामार्गांवर चाकांवरची घरं दिसू लागतात. त्यांतल्या लहान मोटरहोम बहुधा फियाट डुकाटोसारख्या मालवाहू डिझेल व्हॅनमध्येच थाटलेल्या असतात. सहा मीटरच्या आसपास लांबी, आत बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी आणि जेमतेम वळता येईल एवढं न्हाणीघर. अशी गाडी घ्यावी की ऐसपैस मोठी, हा वाद नेहमी जागेवर येऊन अडतो. पण खरा प्रश्न वेगळा आहे: ही गाडी वर्षातून किती धावणार आणि किती उभी राहणार? लहान आकार आणि डिझेल इंजिन, दोहोंचे गुण गाडी धावताना दिसतात आणि दोष ती उभी राहिली की.

आधी धावण्याचा ढोबळ हिशेब मांडू. हवेचा विरोध गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेतीन टनांच्या व्हॅनचं दर्शनी क्षेत्रफळ पावणेपाच चौरस मीटर धरलं, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला हवा तिला सुमारे ८०० न्यूटन बलाने मागे रेटते. टायरांचा विरोध आणखी साडेतीनशे न्यूटन. म्हणजे १०० किलोमीटरला चाकांपाशी ११५ मेगाज्यूल ऊर्जा लागणार. लिटरभर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूल असतात. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग इंजिनाने कामी लावला, तर नऊ-साडेनऊ लिटरांत काम भागतं. वेग ८० वर आणला की हवेचा विरोध एक तृतीयांशाहून जास्त घटतो. अमेरिकेतल्या बसएवढ्या मोटरहोमचं दर्शनी क्षेत्रफळ याच्या जवळपास दुप्पट आणि आकार खोक्यासारखा. तिथे हवाच तिपटीने आडवी येते.

मग डिझेलच का, वीज का नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर वजनात आहे. युरोपात साध्या कारच्या लायसन्सवर प्रदीर्घ काळ ३,५०० किलोंपर्यंतचीच गाडी चालवता येत आली आहे, आणि लहान मोटरहोम याच मर्यादेच्या आत बसवलेल्या असतात. फर्निचरसह व्हॅन तीन टनांच्या घरात गेली, की उरतात पाचशे किलो. चार माणसांचे तीनशे आणि शंभर लिटर पाण्याचे शंभर वजा केले, तर सामानाला शंभरच राहतात. ९० लिटर डिझेल ७५ किलोंत नऊशे किलोमीटर नेतं. हमरस्त्यावरून चारशे किलोमीटर विजेवर जायचं, तर सुमारे दीडशे किलोवॅट-तासांची बॅटरी हवी, आणि आजच्या बॅटऱ्यांच्या हिशेबाने तिचं वजन टनाच्या आसपास जातं. काढलेल्या इंजिनाचं वजन वजा केलं तरी गणित जुळत नाही. दिवसाला शे-दीडशे किलोमीटरच जाणाऱ्याला मात्र लहान बॅटरी पुरेल. त्याच्यासाठी डिझेलचा हा मुद्दा लंगडा पडतो.

आता उभ्या गाडीकडे वळू. दोन माणसांच्या श्वास-घामातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. व्हॅनमधली हवा मात्र बारा घनमीटरच. २० अंश तापमानाला ती फार तर दोनशे ग्रॅम वाफ धरते. उरलेली वाफ थंड पत्र्यावर आणि काचांवर पाणी होऊन ओघळते, गादीखाली बुरशी धरते. खिडकी उघडावी तर ऊब जाते. मोठ्या गाडीत हवाही जास्त आणि भिंतीही जाड, म्हणून तिथे हा त्रास कमी. टाकीतल्या डिझेलवर चालणारा हीटर इथे मदतीला येतो: तो ज्वलनाची हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो आणि आत कोरडी ऊब देतो. इंजिनाची तक्रार मात्र हीटरने मिटत नाही. डिझेलची काजळी अडवणारी गाळणी स्वच्छ व्हायची, तर ती सहाशे अंशांच्या आसपास तापावी लागते आणि त्यासाठी सलग लांब पल्ला धावावं लागतं. महिनाभर उभी राहून दुकानापुरती हलणाऱ्या गाडीत ती तुंबत जाते.

शहरांचा आक्षेप याहून कडक आहे. डिझेल जळताना सिलिंडरमधल्या जास्तीच्या हवेत आणि प्रचंड उष्णतेत नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. युरो-६ मानकाच्या व्हॅनमध्ये सहसा युरियाचं पाणी फवारून त्यांचा नायट्रोजन आणि पाणी केलं जातं. जुन्या गाड्यांत ही सोय नसते. त्यामुळे २०१९ पासून लंडनच्या मध्यभागी युरो-६ न पाळणाऱ्या डिझेल गाडीला रोजचं शुल्क पडतं. स्वस्तात मिळालेली जुनी व्हॅन इथे महाग पडते.

तेव्हा रोज मुक्काम बदलणाऱ्याला लहान डिझेल मोटरहोम शोभते; तळ्याकाठी महिनाभर तंबू ठोकणाऱ्याला नाही. आणि वर्षातून तीनच आठवडे निघणाऱ्याने ती विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्यावी. तिचा खर्च वाटला जातो हे तर आहेच. शिवाय हंगामभर हातोहाती फिरणाऱ्या गाडीची गाळणी तापत राहते आणि वाफही दारं उघडी राहून निघून जाते.