‘मी’ म्हणण्याचा हक्क

१८५५ साली ब्रुकलिनमध्ये वॉल्ट व्हिटमनने बारा कवितांचे पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापले. ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’च्या शीर्षकपानावर कवीचे नाव नव्हते, आतला ‘मी’ मात्र सुतार, नावाडी, पळालेला गुलाम अशा सगळ्यांना पोटात घेणारा होता. एकच वर्ष आधी सावित्रीबाई फुले यांचे ‘काव्यफुले’ निघाले होते. या दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नसावी. तरी अमेरिकेतला समतेचा विचार सावित्रीबाईंच्या घरापर्यंत आला होता, आणि त्याची एक वाट अहमदनगरातून जात होती.

बोस्टनच्या मंडळींनी चालवलेले अमेरिकन मराठी मिशन नगरात १८३१ मध्ये आले. मिशनचे नियतकालिक ‘ज्ञानोदय’ १८४२ साली इथेच सुरू झाले. मिस सिंथिया फॅरार यांच्या देखरेखीखालच्या मुलींच्या शाळा सावित्रीबाईंचे पती जोतीराव फुले यांनी नगरला येऊन पाहिल्या आणि पुण्यात तशी शाळा काढण्याचे मनावर घेतले. १८५३ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापलेल्या मुलाखतीत त्यांनी हे सांगितले आहे. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही नगरात झाल्याचे चरित्रकार सांगतात. पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. व्हिटमनची लोकशाही छापील कवितेतून इकडे आली नाही, ती शाळेच्या पाटीवरून आली. म्हणूनच सावित्रीबाईंची कविता सगळ्यात आधी शूद्रांना शिकायला सांगते. ज्याला ‘मी’ म्हणण्याची मुभाच नव्हती, त्याने विश्व कवेत घेण्याच्या गोष्टी कशा कराव्यात?

रेव्हरंड ना. वा. टिळकांपाशी हा प्रश्न वेगळ्या बाजूने येतो. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते नगरला आले, आणि हेच त्यांचे कर्मक्षेत्र झाले. मिशनची भजने इंग्रजी चालींवरच्या भाषांतरांत अडकली होती. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत बसवले. ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथे हे घडावे याचे मला फार मोल वाटते. व्हिटमनचा ‘मी’ फुगत जाऊन विश्वाएवढा होतो. टिळकांचा ‘मी’ तुकोबांच्या वाटेने चालतो: आधी स्वतःला रिकामे करायचे, मग देवाला घर द्यायचे. मृत्यूलाही त्यांनी असाच आपला आकार दिला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला आणि रक्षा नगरला आणली गेली.

त्याआधी वर्षभर, ५ मे १९१८ ला, त्यांच्या घरात मुलासारखा राहिलेला बालकवी ठोंबरे भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडला होता. वय सत्तावीस. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टला कवयित्री एमिली डिकिन्सन मृत्यूशी जवळच्या माणसासारखी बोलत राहिली. आपल्याकडे ती जवळीक मला बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेत दिसते. आठ ओळींत घरे, शेते, पायवाट आणि शेवटी काळ्या पाण्याचा डोह. मृत्यूचे नावही न घेता.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई नवऱ्याचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे करते आणि १९३४ पासून तिच्या आठवणी, ‘स्मृतिचित्रे’, प्रसिद्ध होऊ लागतात. सोवळ्याओवळ्याचा काच स्वतःच्या मनातून कसा सुटला हे त्या ज्या मोकळेपणाने सांगतात, त्यात मला लोकशाही अनेक भाषणांपेक्षा जास्त दिसते. ती त्यांच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी घडली.

नगरच्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावात १९३५ मध्ये कवी दया पवार जन्मले. त्यांचा ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह १९७४ चा, ‘बलुतं’ हे आत्मकथन १९७८ चे. त्याआधी १९७२ मध्ये दलित पँथर या संघटनेने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, म्हणजे जोतीरावांनी अर्पणपत्रिकेत पाहिलेले नाते शंभर वर्षांनी पुन्हा जिवंत झाले. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. माणूस एकच, पण गावकुसाबाहेरचा आणि शहरात शिकून मोठा झालेला असे त्याचे दोन ‘मी’ आहेत, आणि दुसऱ्याला पहिल्याची लाज वाटते. व्हिटमनने आपल्यात अनेकजण मावतात याचा अभिमान मिरवला. पवारांना दोघांना एकाच देहात नांदवताना रक्त आटवावे लागले, आणि ती ओढाताण त्यांनी काही न झाकता लिहिली.