पायथ्यापर्यंत कसे पोचायचे?

समजा, आपल्या शाळेच्या निसर्गमंडळाने परिसरातल्या पायवाटांची आणि सायकलवाटांची एक वेबसाइट तयार केली आहे. चाकूर तालुक्यातले वनौषधींसाठी प्रसिद्ध असलेले वडवळ नागनाथचे बेट, उदगीर तालुक्यात देवर्जनजवळचे हत्तीबेट, नांदेड जिल्ह्यातला कंधारचा किल्ला. (बेट म्हणजे इथे पाण्यातले नव्हे, सपाट रानातून वर आलेली टेकडी!) वाट कुठून चढते, सावली कुठे आहे, हे सारे लिहून झाले. पण नांदेडहून किंवा लातूरहून गाडीने येणाऱ्याला मुळात पायथा कसा सापडणार?

यावर उपाय सोपा आहे. पानावर 'रस्ता दाखवा' असे बटण ठेवायचे. त्यामागे आपण फक्त पोचण्याचे ठिकाण लिहितो, निघण्याची जागा कोरी सोडतो. ती जागा वाचकाचा फोन स्वतः भरतो. त्यामुळे एकच बटण सर्व गावांच्या लोकांना चालते.

मग संगणक रस्ता शोधतो कसा? त्याच्या दृष्टीने नकाशा म्हणजे नाक्यांचे जाळे. दोन नाक्यांमधल्या प्रत्येक रस्त्यावर एक आकडा लिहिलेला असतो, समजा मिनिटांचा. क नाक्यापासून ख ५ मिनिटांवर आणि ग २० मिनिटांवर आहे. ख पासून ग मात्र १० मिनिटांवरच आहे. संगणक आधी सर्वांत जवळचा नाका, म्हणजे ख, पक्का करतो. तिथून पुढे पाहिल्यावर ग ला १५ मिनिटांत पोचता येते असे दिसते, म्हणून २० खोडून १५ लिहितो. असे करत करत तो मुक्कामापर्यंत जातो. डच शास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांना ही रीत १९५६ साली सुचली आणि १९५९ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. आजच्या मार्गशोधक प्रणाली याच रीतीच्या सुधारित रूपांवर चालतात. फळ्यावर पाच-सहा नाके काढून विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

गणित बरोबर असूनही माणूस चुकीच्या जागी पोचू शकतो. त्याचे कारण मुक्कामाच्या बिंदूत असते. आपण टेकडीच्या माथ्यावर खूण केली, तर तिथे मोटाररस्ता नसतो. अशा वेळी संगणक त्या खुणेला सर्वांत जवळचा रस्ता निवडतो. तो टेकडीच्या पलीकडच्या अंगालाही असू शकतो! कंधारच्या किल्ल्याभोवती खंदक आहे. किल्ल्याच्या मध्यावर खूण केली तर जवळचा रस्ता खंदकाच्या भलत्याच बाजूला निघेल. म्हणून खूण दरवाजासमोर, गाडी जिथे थांबते तिथे हवी.

नुसत्या नावावर विसंबणेही धोक्याचे. 'नागनाथ' एवढेच लिहिले, तर वाचक हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला पोचेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीसह ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. किल्लारीचे नाव मात्र तेच राहिले. तिथली सायकलवाट लिहिताना जुनी जागा की नवी, हे सांगायलाच हवे.

त्यामुळे अक्षांश-रेखांश द्यावेत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर तीन अंक लिहिले तर १११ मीटरची पायरी मिळते, चार लिहिले तर ११ मीटरची. पायवाटेचे तोंड दाखवायला चार अंक पुरेत. क्रम मात्र सांभाळावा. लातूरचे १८.४ उत्तर आणि ७६.६ पूर्व हे आकडे उलटे झाले, तर आपण थेट आर्क्टिक प्रदेशात, स्वालबार्ड बेटांजवळ जाऊ!

एक गोष्ट संगणकाला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीतल्या पाणंदीत चाक रुतून बसते. नकाशावर ती पाणंद रस्त्यासारखीच दिसू शकते. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर अशी माहिती कुणालाही भरता येते.

याचा उपयोग केवळ सहलीपुरता नाही. टेकडीवर कुणाला साप चावला, कुणी घसरून पडले, तर १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेलाही हाच पायथा सांगावा लागतो. तेव्हा एक फर्लांगाची चूकही महाग पडते.

तेव्हा एका सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या वाटेच्या तोंडाशी जावे. तिथे उभे राहून अक्षांश-रेखांश टिपावेत. सोबत चार ओळी लिहाव्यात: डांबरी रस्ता कोणत्या खुणेपाशी सोडायचा, गाडी कुठपर्यंत जाते, पावसाळ्यात काय अडचण येते, आणि पुढे किती मिनिटे चालायचे. मग परगावच्या एखाद्या मित्राला तेवढ्याच माहितीवर बोलवावे. तो कुणालाही न विचारता पोचला, तर आपली माहिती पुरी झाली असे समजावे.