विश्लेषण : पुण्याच्या थंडीत भटक्या मांजरांना धोका कधी? गारठलेल्या पिल्लाला लगेच दूध का देऊ नये?

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. १७ जानेवारी १९३५ रोजी तर शहरात १.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. माणसे स्वेटर, शेकोटीवर निभावून नेतात. सोसायटीच्या पार्किंगमधील मांजरांचे काय?

बर्फ पडत नाही, मग धोका कसला?

हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने जमीन दिवसभराची उष्णता रात्री झपाट्याने गमावते. त्यामुळे दुपारी ऊन चटका देत असले, तरी पहाटे कडाक्याची थंडी पडते. मांजराच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असते. धडधाकट मांजर अंगाचे मुटकुळे करून रात्र काढते. खरा धोका म्हाताऱ्या, आजारी मांजरांना आणि नवजात पिल्लांना. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पिल्लांना कुडकुडून स्वतःची ऊब तयार करता येत नाही.

निवारा कसा असावा?

थर्माकोलचे झाकणाचे जुने खोके पुरेसे आहे. ते लहानच असावे. मोठ्या खोक्यात मांजराच्या अंगाची ऊब टिकत नाही. ये-जा करण्यासाठी साधारण १५ सेंटिमीटरचे भोक पाडा. आत कोरडा पेंढा भरा. उघड्यावर गोधडी किंवा टॉवेल दवाने ओला होतो आणि उलट गारवा वाढतो. खोके दोन विटांवर, आडोशाला ठेवा.

बॉनेटवर थाप का मारायची?

गाडी बंद केल्यावर इंजिन बराच वेळ कोमट राहते. त्या उबेला मांजरे खालून आत शिरतात. सकाळी गाडी सुरू होताच पंख्यात किंवा पट्ट्यात सापडून त्यांचा जीव जाऊ शकतो. त्यामुळे आधी चाकांच्या वर डोकावून पाहा, बॉनेटवर दोन-तीन थापा मारा आणि मांजराला बाहेर पडायला थोडा वेळ द्या.

पिल्लू एकटे दिसले तर?

अंग गरम असेल आणि ते शांत झोपले असेल, तर उचलू नका. आई बहुधा खाण्याच्या शोधात गेलेली असते; लांबून लक्ष ठेवा. अंग गार लागत असेल, तर मात्र आधी ऊब, मग दूध हा क्रम पाळा. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, ते श्वासनलिकेत जाण्याचीही भीती असते. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा आणि पशुवैद्यकाला गाठा. गाईचे दूध पाजू नका. पिल्लांसाठीची दूध पावडर वेगळी मिळते.

काय टाळावे?

सर्दी-ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. माणसांसाठी साधी असलेली ही गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.